गाडीतल्या गाण्यांसाठी पेनड्राइव्ह: सोलापुरात कोणता घ्यावा, कसा भरावा

अक्कलकोट-तुळजापूरच्या फेऱ्या असोत, पंढरपूरची वारी असो की पुण्याचा अडीचशे किलोमीटरचा पल्ला, गाडीतल्या डेकवर, म्हणजे म्युझिक प्लेअरवर, गाणी वाजवायला ३२ जीबीचा साधा, यूएसबी २.० चा, नावाजलेल्या कंपनीचा पेनड्राइव्ह हाच आजही सगळ्यात भरवशाचा आहे. त्याला रेंज लागत नाही, फोनची बॅटरी लागत नाही, दर वेळी जोडणी करावी लागत नाही. ‘डेक पेनड्राइव्ह घेत नाही’, ‘गाणी उलटसुलट वाजतात’, ‘नावाच्या जागी चौकोन दिसतात’ अशा तक्रारी मात्र कायम असतात, आणि लोक सरळ डेक बदलायला निघतात. डेक क्वचितच बिघडलेला असतो. पेनड्राइव्ह कसा फॉरमॅट केलाय आणि त्यात गाणी कशी भरलीत, गोम बहुतेक वेळा तिथेच असते.

आधी मालाबद्दल. नवी पेठेतल्या मोबाइल-कॉम्प्युटरच्या दुकानांत सॅनडिस्कच्या क्रूझर ब्लेडसारखा प्लास्टिकच्या अंगाचा साधा ड्राइव्ह सहज मिळतो. गाडीसाठी तो पुरेसा आहे. दुकानदार ‘हा ३.० आहे, फास्ट आहे’ म्हणून महागातला दाखवतो, पण डेकला त्या वेगाचा काही उपयोग नाही. ३२० केबीपीएसचं (सेकंदाला ३२० किलोबिट; आकडा मोठा तितका आवाजाचा दर्जा चांगला) गाणं वाजायला सेकंदाला फक्त ४० किलोबाइट लागतात, आणि साधा यूएसबी २.० ड्राइव्ह त्याच्या कैकपट वेगाने वाचून देतो. ३.० चा फायदा होतो तो फक्त घरी कॉम्प्युटरवर गाणी भरताना.

नखाएवढे बुटके ड्राइव्ह दिसायला सुबक असतात. डॅशबोर्डमधून बाहेर येत नाहीत, त्यामुळे हाताचा किंवा पाण्याच्या बाटलीचा धक्का लागून पोर्ट सैल होत नाही, हा त्यांचा मोठा गुण. उणीव अशी की एवढ्याशा अंगातून उष्णता बाहेर पडायला जागा नसते, म्हणून ते साध्या ड्राइव्हपेक्षा जास्त तापतात. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये ही उणीव अंगाशी येते. उलट लांबलचक, की-चेनवाला धातूचा ड्राइव्ह पोर्टला लटकत राहतो, खड्ड्यात हिसका बसला की संपर्क तुटतो आणि डेक पुन्हा पहिल्यापासून यादी वाचायला लागतो. मधला मार्ग चांगला: साधा ड्राइव्ह, आणि १५ ते ३० सेंटिमीटरची एक्स्टेंशन केबल लावून तो कप्प्यात आडवा ठेवायचा.

‘१ टीबी’, ‘२ टीबी’ असं छापून काहीशे रुपयांत मिळणारे ड्राइव्ह हातातही घेऊ नका. त्यांच्या आत मेमरी थोडीच असते, फक्त कंट्रोलर कॉम्प्युटरला खोटा आकडा सांगतो. खरी जागा भरली की पुढच्या फायली आधीच्यांवर लिहिल्या जातात किंवा हवेत जातात. यादीत नाव दिसतं, गाणं मात्र वाजत नाही. खात्रीसाठी एच२टेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्रॅम विंडोजवर चालवा. तो ड्राइव्ह काठोकाठ भरतो आणि परत वाचून ताडून बघतो. यूएसबी २.० च्या ३२ जीबी ड्राइव्हला दीड-दोन तास लागतात, पण हा वेळ सार्थकी लागतो. पक्कं बिल घ्या, त्याशिवाय कंपनीची वॉरंटी कागदावरच राहते.

साइज ३२ जीबीच का? कारण विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत फॅट३२ (ड्राइव्हवर फायलींची नोंद ठेवण्याची एक पद्धत) हा पर्याय वर्षानुवर्षं ३२ जीबीपर्यंतच्याच ड्राइव्हला मिळत आला आहे, आणि फॅट३२ हीच एक पद्धत जवळपास प्रत्येक डेकला समजते. ६४ जीबी आणि त्यावरचे ड्राइव्ह दुकानातून बहुधा एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात. जुने आणि स्वस्त डेक त्यांना ‘नो फाइल’ किंवा ‘अनसपोर्टेड’ म्हणून परत लावतात, आणि एनटीएफएस या तिसऱ्या पद्धतीची गत बहुतेक डेकवर तीच होते. ६४ चा ड्राइव्ह आधीच घेतला असेल तर टाकून देऊ नका, रुफस या मोफत प्रोग्रॅमने तो फॅट३२ करता येतो. तसं करताना पार्टिशनची (ड्राइव्हचे भाग पाडण्याची) पद्धत एमबीआर निवडा. जीपीटी असेल तर बरेच डेक ड्राइव्ह ओळखतच नाहीत. एका ड्राइव्हचे दोन भाग केले असतील तर डेक बहुधा पहिलाच भाग वाचतो.

जागेचा हिशेब सोपा आहे. १२८ केबीपीएसला मिनिटाला जवळपास १ एमबी, ३२० ला २.४ एमबी. ३२ जीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये २९ जीबीच्या आसपास दिसतो, ती फसवणूक नव्हे, मोजण्याच्या दोन पद्धतींतला फरक आहे. पाच मिनिटांचं गाणं धरलं तर १२८ ची सहा हजार आणि ३२० ची अडीच हजार गाणी मावतात. पण मावतात म्हणून भरू नयेत. यादी लांबली की साधा डेक चावी फिरवल्यावर ‘रीडिंग’ दाखवत ताटकळत ठेवतो, आणि मॅन्युअलमध्ये फोल्डर व फायलींची कमाल मर्यादा दिलेली असते, तिच्यापुढची गाणी तो धरतच नाही. दीड-दोन हजार गाणी आणि १९२ केबीपीएस, इतकं पुरे. टायरच्या आणि इंजिनच्या आवाजात १९२ आणि ३२० मधला फरक कंपनीच्या मूळ स्पीकरवर ओळखू येत नाही.

गाणी उलटसुलट का वाजतात, हे एकदा समजून घेतलं की डोकेदुखी संपते. फॅट३२ मध्ये फाइल ज्या क्रमाने आत गेली त्याच क्रमाने तिची नोंद होते. कॉम्प्युटर आपल्याला नावं लावून दाखवतो, पण कित्येक डेक तसं न करता नोंदीच्या क्रमानेच वाजवत जातात. त्यामुळे आधी ड्राइव्ह पूर्ण रिकामा करून फॉरमॅट करा आणि मग एकेक फोल्डर हव्या त्या क्रमाने टाका. सगळे एकदम ओढून टाकू नका. फोल्डर आणि फायलींच्या नावाआधी दोन किंवा तीन आकडी क्रमांक द्या, तोही इंग्रजी आकड्यांत. नुसतं १, २, ३ लिहिलं तर १ नंतर थेट १० लागतो, म्हणून 01, 02 असं लिहा. फोल्डरच्या आत फोल्डर एकाच पातळीपर्यंत ठेवा. आधीच भरलेल्या ड्राइव्हचा क्रम सुधारायचा असेल तर ड्राइव्हसॉर्ट हा छोटा प्रोग्रॅम गाण्यांना हात न लावता नोंदी ओळीने लावून देतो. मॅकवरून भरलेल्या ड्राइव्हवर प्रत्येक गाण्याची टिंब-अंडरस्कोरने सुरू होणारी एक छुपी फाइल तयार होते. डेक तिला गाणं समजतो, वाजवायला जातो आणि अडखळतो. त्या फायली काढूनच ड्राइव्ह गाडीत लावा.

चालणाऱ्या फायलींबद्दल थोडक्यात. एमपी३ सगळीकडे चालते, एम४ए बऱ्याच ठिकाणी, फ्लॅक नव्या डेकवर. व्हिडिओतून काढलेली ओपस किंवा वेबएम फाइल नुसतं नाव बदलून एमपी३ होत नाही, ती कन्व्हर्टच करावी लागते. गाण्यांच्या ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेली गाणी कुलूपबंद असतात, ती पेनड्राइव्हवर टाकून काही उपयोग नाही. घरात जुन्या सीडी असतील तर त्याच काढून १९२ ला एमपी३ करा. आवाज दुकानात भरून मिळणाऱ्या गाण्यांपेक्षा सरस मिळतो.

दुकानातल्या त्या भरलेल्या ड्राइव्हबद्दल स्पष्टच सांगायला हवं. एक तर गाण्यांच्या हक्काचा प्रश्न आहेच, शिवाय मालही हलका असतो. वर ३२० लिहिलेलं असतं, पण कित्येक गाणी १२८ चीच ३२० करून फुगवलेली. स्पेक नावाचा मोफत प्रोग्रॅम गाण्याचा आलेख दाखवतो. त्यात १६ किलोहर्ट्झच्या वर सरळ रेघ मारल्यासारखा काळोख दिसला तर ती गाणी फुगवलेली समजा. एकदा गळालेला आवाज कन्व्हर्ट करून परत येत नाही, फक्त जागा खातो. दुसरं, एका गाण्याला आवाज बारीक आणि पुढच्याला कान फाटतील इतका मोठा. यावर एमपी३गेन उत्तम. तो सगळी गाणी ८९ डेसिबलच्या पातळीला आणतो, आणि गाणं नव्याने एन्कोड न करता फक्त आतला गेनचा आकडा दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी बदलतो, त्यामुळे दर्जा ढळत नाही.

सोलापुरात एका घरात मराठी भजनं, कन्नड वचनं, तेलुगू गाणी आणि जुनी हिंदी गाणी एकाच ड्राइव्हवर असणं नेहमीचंच. इथे पडद्यावरच्या नावांचा घोळ होतो. पहिला इलाज: एमपी३टॅग या प्रोग्रॅमच्या ऑप्शन्समध्ये एमपेगखाली ‘आयडी३व्ही२.३ यूटीएफ-१६’ निवडून सगळे टॅग (फाइलच्या आत लिहिलेली गाण्याची, गायकाची नावं) पुन्हा सेव्ह करा. बऱ्याच डेकवर प्रश्नचिन्हं आणि चौकोन इतक्यावर जातात. पण काही डेकमध्ये देवनागरीचा फॉन्ट असतो, अक्षरं जोडायची अक्कल नसते. अशा पडद्यावर ‘विठ्ठल’ची वेलांटी ‘व’ सोडून पुढच्या ‘ठ’वर जाऊन बसते आणि जोडाक्षर फुटून मध्ये पाय मोडलेला ‘ठ’ दिसतो. देवनागरी नीट आली तरी तेलुगू-कन्नड चौकोनच, असेही डेक आहेत. तिथे टॅग दुरुस्त करत बसू नका, नावं रोमन लिपीत लिहा. टॅगमधलं चित्र ५०० बाय ५०० पिक्सेलच्या जेपेगपेक्षा मोठं ठेवू नका. मोठ्या चित्रांनी प्रत्येक गाण्याआधी डेक थबकतो.

कीर्तन-प्रवचनांचा वेगळा विचार करा. एका माणसाच्या आवाजाला ६४ केबीपीएस मोनो भरपूर झालं, तासाला २९ एमबीच लागतात. दोन तासांची सलग फाइल मात्र गैरसोयीची. जागा लक्षात न ठेवणाऱ्या डेकवर चहाला थांबलात की पुन्हा पूर्वरंगापासून सुरुवात. एमपी३डायरेक्टकटने ती पंधरा-पंधरा मिनिटांत तोडा, त्यातही पुन्हा एन्कोडिंग होत नाही. दोन तुकड्यांच्या मध्ये क्षणभर आवाज तुटेल, तेवढं चालवून घ्यावं.

पोर्टची निवड दिसते तितकी सोपी नाही. त्रिशूळासारखी खूण असलेला पोर्ट डेटाचा, नुसती विजेची खूण असलेला बहुधा फक्त चार्जिंगचा. मागच्या सीटचे टाइप-सी पोर्टही बऱ्याच गाड्यांत चार्जिंगपुरतेच असतात. डेटाचा पोर्ट एकच असेल आणि अँड्रॉइड ऑटो वायरने चालवत असाल तर दोन्ही एका वेळी जमत नाही, हब लावूनही सहसा डेक दाद देत नाही. फोन सॉकेटच्या चार्जरवर आणि पोर्ट पेनड्राइव्हला, अशी वाटणी करा. पोर्टेबल हार्ड डिस्क गाडीत लावूच नका. जुन्या पोर्टचा अर्धा अँपिअर तिला पुरत नाही आणि खड्डे तिला सोसत नाहीत.

उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे असताना उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो, आणि साध्या पेनड्राइव्हची चालण्याची मर्यादा ४५ ते ६० अंशांच्या दरम्यान असते. फ्लॅश मेमरीत डेटा विद्युतभाराच्या रूपात साठतो आणि उष्णतेत तो भार लवकर झिरपतो. गाडी दुपारभर उन्हात राहणार असेल तर ड्राइव्ह काढून खिशात टाका. परतल्यावर आधी काचा उघडून गाडी थंड होऊ द्या, मग लावा. पूर्ण प्रत घरच्या कॉम्प्युटरवर असावी. धुळीने संपर्क कमजोर झाला तर चावी काढून पोर्टमध्ये ब्लोअरने हवा मारा. आत पिन किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालू नका, पट्ट्या वाकल्या की पोर्ट कामातून गेला.

नवा डेक बसवून घेणाऱ्यांनी दोन वायरी जरूर तपासाव्यात. नव्या डेकची पिवळी वायर बॅटरीच्या कायमच्या १२ व्होल्टवर आणि लाल चावीच्या लाइनवर हवी. घाईत काही फिटर दोन्ही एकत्र पिळून चावीच्या लाइनला देतात. मग चावी काढली की डेकची स्मृती पुसते आणि दर वेळी पहिलंच गाणं लागतं, घड्याळ आणि इक्वलायझरही परत मूळपदावर. दोन्ही थेट बॅटरीला दिल्या तर उलटा त्रास, डेक बंद होत नाही आणि चार दिवस उभी गाडी स्टार्ट घेत नाही. दुकानातून निघण्यापूर्वी फोल्डरमधलं आठवं-दहावं गाणं लावा, चावी काढा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा चावी फिरवा. तेच गाणं सुरू झालं तरच पैसे द्या.