साप खात नाही: थांबावं, भक्ष्य बदलावं की तोंडात भरवावं?

पाळलेल्या बॉल पायथनने (ही अजगराची लहान जात) लागोपाठ तिसऱ्या आठवड्यात उंदराकडे पाठ फिरवली की माणसाचा जीव खाली-वर होऊ लागतो. मग तो चारांपैकी एक वाट धरतो: नुसता थांबतो, गोठवलेल्या उंदराऐवजी जिवंत उंदीर आणतो, भक्ष्याला वेगळा वास लावून पाहतो, नाहीतर सापाचा जबडा उघडून घास आत सारतो. चारही वाटा कुठे ना कुठे योग्य ठरतात. कोणती कधी धरायची ते उपासाचे दिवस मोजून ठरवू नये; सापाचं वय, जात आणि वजन पाहून ठरवावं, असं माझं ठाम मत आहे.

हे लिहितोय ते अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, युरोपात तिथल्या कायद्याने साप पाळणाऱ्या मराठी घरांसाठी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशी अजगर, नाग, धामण घरात ठेवताच येत नाहीत. बॉल पायथनसारखी परदेशी जात वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या ‘साइटिस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येते, त्यामुळे तिचीही सरकारदरबारी नोंद करावी लागते. कुणाकडे देशी साप कोंडलेला असेल आणि खात नसेल, तर खाली दिलेलं काहीही करू नका, वनविभागाला कळवा.

आधी काटा आणा

ग्रॅममध्ये मोजणारा साधा डिजिटल काटा घ्या, तो फक्त सापासाठी ठेवा आणि आठवड्यातून एकदा वजन लिहून ठेवा. दीड किलोची पूर्ण वाढलेली मादी दोन महिन्यांच्या उपासात पन्नास ग्रॅमनी उतरली, तर काळजीचं कारण नाही. कॉर्न स्नेकचं अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू मात्र जेमतेम सहा ते दहा ग्रॅमचं असतं. त्याचा एक ग्रॅम गेला की अंगातला निदान दहावा हिस्सा गेला. तेच तीन आठवडे एकीला काहीच वाटत नाहीत आणि दुसऱ्याच्या जिवावर येतात. मूळ वजनाच्या दहा टक्के घट झाली, किंवा पाठीचा कणा धारेसारखा वर दिसू लागला, तर घरगुती प्रयोग थांबवून डॉक्टर गाठायचा.

थांबणं आणि घर नीट करणं

बॉल पायथनसाठी पहिली निवड जवळजवळ नेहमी हीच. हा मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप. घाना, टोगो, बेनिनच्या गवताळ भागांत तो दिवस उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत काढतो. अशा जनावराला चारही बाजूंनी काचेच्या, उजेडाच्या, मधोमध एक लाकूड ठेवलेल्या टाकीत सोडलं की त्याला लपायलाच जागा उरत नाही, आणि भेदरलेला साप खात नाही.

म्हणून भक्ष्य बदलण्याआधी टाकी पाहा. लपायच्या जागा दोन हव्यात, एक उबदार बाजूला आणि एक थंड बाजूला, आणि त्या इतक्या अरुंद की वेटोळं घातल्यावर अंग भिंतींना टेकेल. उबदार जागा ३१ ते ३३ अंश सेल्सिअस (८८ ते ९२ फॅरनहाइट), थंड बाजू २४ ते २७ अंश. हीट मॅट (टाकी तापवणारी चटई) थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आवरणाऱ्या यंत्राशिवाय, लावू नका, आणि तापमान काचेला चिकटवलेल्या गोल तबकडीवर वाचू नका. जिथे साप बसतो तिथे तापमापकाचा प्रोब (वायरीचं टोक) ठेवून मोजा. न्यू जर्सी किंवा टोरोंटोच्या हिवाळ्यात घरातली हीटिंग हवा कोरडी करते, तेव्हा आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास राहते ना, तेही बघा. टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून काळा कागद लावला तरी फरक पडतो.

त्यानंतर खरोखर थांबायचं. नव्या घरात आलेल्या सापाला पहिला आठवडाभर हातात घ्यायचं नाही, पाहुण्यांना दाखवायचं नाही. भक्ष्य सात ते दहा दिवसांतून एकदाच पुढे करायचं. रोज संध्याकाळी चिमटा नाचवणारा माणूस सापाला फक्त घाबरवतो. डोळे निळसर, धुरकट झाले असतील तर साप कात टाकायच्या बेतात आहे. तोवर विचारायचंच नाही. पूर्ण वाढलेले बॉल पायथन, विशेषतः नर, थंडीच्या म्हणजे विणीच्या महिन्यांत कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने खात नाहीत. हा साप नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं सहज जगतो. अमेरिकेत सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयातल्या, साठी ओलांडलेल्या एका मादीने २०२० मध्ये अंडी घातली होती. एवढ्या आयुष्यात एक हिवाळा उपासाचा गेला तर काही बिघडत नाही.

या वाटेला खर्च नाही आणि इजा नाही. धोका एकच: उपासाचं कारण आजार असेल तर हातचा वेळ जातो. काटा त्यासाठीच.

भारतातून फोनवर ‘वाटीभर दूध ठेवून पाहा’ असा सल्ला येईल. प्रेमाने ऐका, पण ठेवू नका. नागपंचमीला गारुड्याचा नाग दूध पितो तो बरेच दिवस पाण्यावाचून ठेवलेला असतो म्हणून. सापाला दूध पचत नाही. त्याला ताजं पाणी द्या.

जिवंत की गोठवलेलं

सगळ्यांत जास्त वाद इथे होतो. जिवंत उंदराची बाजू खरी आहे: तो हलतो, त्याला ऊब असते, वास असतो. ज्या पिल्लाला विकणाऱ्याने पहिल्यापासून जिवंत भक्ष्यच दिलं, त्याला चिमट्यातला गार, ओलसर उंदीर हे अन्न आहे हेच कळत नाही. असा साप जिवंत उंदरावर पहिल्याच रात्री झडप घालू शकतो.

पण भूक नसलेला साप उंदराला प्रतिकारही करत नाही. बंद टाकीत रात्रभर सोडलेला उंदीर सापाची पाठ हाडापर्यंत कुरतडतो, डोळा फोडतो. शिवाय त्या उंदराच्या भीतीचं काय, हा प्रश्न मला बाजूला सारता येत नाही. ब्रिटनमध्ये २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याचं संरक्षण भक्ष्य म्हणून ठेवलेल्या उंदरालाही आहे, म्हणून तिथले जाणते लोक जिवंत खाऊ घालणं टाळतात. जिवंत द्यायचाच असेल तर समोर बसून राहायचं आणि पंधरा मिनिटांत सापाने हालचाल केली नाही तर उंदीर बाहेर काढायचा. मधली वाट म्हणजे नुकताच मारलेला, अजून ऊबदार उंदीर. काही दुकानं तो देतात.

गोठवलेलं भक्ष्य सुरक्षित, स्वस्त आणि एकदाच आणून साठवता येतं. ते नाकारलं जातं त्याचं कारण बहुतेक वेळा तयारीतच असतं. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात. अंधारात तो भक्ष्य उबेवरून ओळखतो. म्हणून उंदीर आदल्या रात्री फ्रिजमध्ये उतरवा, मग बंद पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवा, अंग ३८ ते ४० अंशांवर येऊ द्या आणि द्यायच्या आधी डोक्याला हेअर ड्रायरची थोडी जास्त ऊब द्या. अंग कोरडं पुसा. मायक्रोवेव्ह अजिबात नको, तो आतून असमान शिजवतो. दिवे मंद करून, लांब चिमट्याने, लपायच्या जागेच्या तोंडाशी हळूच हलवा. घेतला नाही तर तिथेच ठेवून खोलीबाहेर जा. सकाळी तसाच असेल तर टाकून द्या, परत गोठवू नका. जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी पुरे. उपाशी सापाला त्याहून एक आकार लहान द्या. मोठा उंदीर पाहून तो मागे सरतो.

मराठी घरात आणखी एक गोष्ट आधी ठरवावी लागते. घरात कुणी शाकाहारी असेल, तर मटार आणि ओल्या खोबऱ्याशेजारी उंदरांची पिशवी चालणार नाही, आणि चालवूही नये. गोठवल्याने बरेच परजीवी मरतात, पण साल्मोनेलाचे जंतू जिवंत राहतात. गराजमध्ये छोटा वेगळा फ्रीझर, वेगळं भांडं, वेगळा चिमटा आणि प्रत्येक वेळी साबणाने हात धुणं, हे जमणार असेल तरच साप आणा. पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर मी थोडं थांबायलाच सांगेन.

माझा कौल गोठवलेल्याला. जिवंत भक्ष्य फक्त अशा सापाला द्यावं जो आधी तेच खात होता आणि ज्याचं वजन आता उतरतंय. तेही मारलेल्या आणि मग गोठवलेल्या भक्ष्यावर आणण्याची पायरी म्हणून.

वासाच्या युक्त्या

मोठ्या पायथनला याची गरज क्वचित लागते. काही हटवादी बॉल पायथन मॅस्टोमिस नावाचा आफ्रिकी उंदीर, किंवा त्याच्या पिंजऱ्यातला भुसा चोळलेला साधा उंदीर घेतात. रानातलं त्यांचं तेच अन्न आहे.

खरा उपयोग पिल्लांना. कॉर्न स्नेकची पिल्लं अमेरिकेच्या आग्नेय भागात सरडे आणि झाडावरचे बेडूक खातात. पिंकी, म्हणजे केसही न फुटलेलं उंदराचं पिल्लू, त्यांना परकं वाटतं. अशा पिंकीला अॅनोल जातीच्या सरड्याचा वास लावला की ते पटकन तोंड लावतात. हॉगनोज साप रानात टोड (खरखरीत कातडीचा बेडूक) खातो, म्हणून त्याला टोडचा वास, नाहीतर ट्यूनाच्या डब्यातलं पाणीही चालतं. किंग स्नेक दुसऱ्या सापांनाही खातो, त्याला पिंकीवर ठेवलेला सापाच्या कातेचा तुकडा पुरतो. कधी पिंकी बिनवासाच्या साबणाने धुऊन, भरपूर पाण्याने खळखळून दिली तरी काम होतं. मेलेल्या पिंकीची कवटी सुईने टोचून आतला मगज किंचित बाहेर आणणं किळसवाणं आहे, पण पिल्लांच्या बाबतीत फार गुणकारी. वासाच्या जोडीला पिल्लू आणि पिंकी हवेची भोकं पाडलेल्या लहान डबीत रात्रभर एकत्र ठेवून पाहा.

पिल्लू पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे जन्मानंतर साधारण सात ते दहा दिवस, खात नाही. त्याआधी यातलं काही सुरू करू नका. रानातला सरडा पकडून आणू नका, त्याच्याबरोबर परजीवी येतात. सापाला वासाची सवय लागली की दर खेपेला वास थोडा कमी करत जा.

तोंडात भरवणं

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीत मेलेल्या पिंकीच्या नाकाने पिल्लाचं तोंड अलगद उघडतात, पिंकीचं डोकं दातांमागे ठेवतात आणि हात स्थिर धरून वाट पाहतात. गिळायचं की नाही ते साप ठरवतो. दुसरीत भक्ष्य घशाखाली ढकलतात. पहिली, सगळे उपाय थकलेल्या आणि वजन उतरणाऱ्या पिल्लासाठी, जाणत्या माणसाने आधी करून दाखवल्यावर मान्य. दुसरीने अन्ननलिका फाटते, दात तुटतात, आणि पुढे चिमटा दिसला तरी साप आक्रसतो. पूर्ण वाढलेल्या पायथनला घरी जबरदस्तीने भरवावं असं मला कधीच वाटणार नाही. तिथे बहुतेक वेळा माणसाची घालमेल शांत होते, सापाचं भलं होत नाही. नळीतून पातळ अन्न देणं हे डॉक्टरचंच काम, कारण कोरड्या पडलेल्या सापाला आधी पाणी द्यावं लागतं.

डॉक्टरकडे कधी

नाकातोंडातून चिकट स्राव, श्वासाचा शिट्टीसारखा आवाज, हिरड्यांवर पू, खवल्यांखाली काळे ठिपक्यासारखे माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे), डोकं वर करून भलतीकडे टक लावणं, किंवा गिळलेलं पुन्हा पुन्हा ओकणं. यातलं एक जरी दिसलं तरी वरची सगळी तुलना गैरलागू आहे. कुत्र्या-मांजरांचा नेहमीचा डॉक्टर इथे कमी पडू शकतो. अमेरिकेत असोसिएशन ऑफ रेप्टाइल अँड अँफिबियन व्हेटरिनेरियन्सच्या यादीत जवळचा सर्पवैद्य सापडतो. जाताना वजनाची वही, टाकीचा फोटो आणि असेल तर ताजी विष्ठा न्या.

साप अजून घ्यायचाच असेल

मग निवड सोपी करता येते. महिनोन्‌महिन्यांचा उपास बघवणार नसेल, तर बॉल पायथनऐवजी पिल्लूपण ओलांडलेला कॉर्न स्नेक घ्या. तो सहसा समोर येईल ते खातो. कोणतीही जात असो, विकणाऱ्याकडे जेवणाची नोंद मागा: लागोपाठ चार-पाच वेळा, गोठवून वितळवलेलं भक्ष्य, स्वतःहून. जमलं तर आपल्यासमोर एकदा खाऊ घालायला सांगा.

शेवटी तो खाईल तेव्हा आनंदाच्या भरात लगेच दुसरा उंदीर देऊ नका. बर्मी अजगरावरच्या अभ्यासांत दिसलंय की उपासात आतडं आक्रसतं आणि भक्ष्य पोटात गेल्यावर एक-दोन दिवसांत पुन्हा वाढतं. शरीराला तेवढी उसंत हवी. पहिलं जेवण लहान, त्यानंतर अठ्ठेचाळीस तास हात लावायचा नाही, दुसरं जेवण आठवड्याने. ओकलाच, तर दहा ते चौदा दिवस फक्त पाणी, आणि मग पहिल्यापेक्षाही लहान भक्ष्य.