वाचलेल्या ओळी स्वतःच्या साइटवर: हायपोथिसिस आणि ह्यूगो, काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते: ही पद्धत मी आता सोडणार नाही. ऑनलाइन वाचताना हायपोथिसिस या वेबपानांवर खुणा करायच्या सेवेने खूण करायची, खुणेखाली स्वतःची टीप लिहायची आणि दोन्ही स्वतःच्या साइटवर आणून ठेवायचं, एवढीच ती पद्धत आहे. पण मराठीत वाचणाऱ्याला तिच्यात काही अडचणी येतात आणि त्यांच्याबद्दल मला फारसं कुठे वाचायला मिळालं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी आर्किटेक्ट आहे, सदाशिव पेठेत राहते आणि गेली काही वर्षं पुण्याच्या जुन्या पाणीपुरवठ्याबद्दल मिळेल ते वाचते. कात्रजचा नळ, पेठांमधले हौद, खडकवासला, पानशेत. हे वाचन एका जागी मिळत नाही. थोडं वर्तमानपत्रांच्या साइटवर असतं, थोडं गॅझेटिअरमध्ये, थोडं विश्वकोशात, तर थोडं स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांत. दर वर्षी १२ जुलै जवळ आला की १९६१ च्या पानशेतच्या पुरावर नव्याने लेख येतात आणि त्यातला एखादा खरंच नवं काही सांगून जातो. ते नेमकं वाक्य दोन वर्षांनी सापडलं पाहिजे, ही माझी गरज.

स्वतःची साइट कशाला, अ‍ॅप का नको, असं बरेच जण विचारतात. ऑम्निव्होर ही वाचन आणि खुणा दोन्ही सांभाळणारी चांगली सेवा होती, ती नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली. २००७ पासून चालत आलेलं पॉकेट मोझिलाने ८ जुलै २०२५ ला बंद केलं. निर्यातीची सोय दोन्हीकडे दिली होती, पण वर्षानुवर्षं जमवलेलं मुदतीच्या आत उचलून दुसरीकडे नेणं हे लोकांच्याच अंगावर पडलं. माझ्या साइटवरची प्रत्येक नोंद ही एक साधी मार्कडाउन फाइल, म्हणजे साध्या मजकुराची फाइल आहे. उद्या ह्यूगो हे साइट बांधणारं सॉफ्टवेअर बंद पडलं, होस्टिंग बदललं, तरी नोटपॅडमध्ये उघडून वाचता येईल.

मांडणी अशी. हायपोथिसिस ही ना-नफा प्रकल्प म्हणून सुरू झालेली मोफत, मुक्तस्रोत सेवा आहे. ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन घातलं की कुठल्याही पानावर मजकूर निवडून खूण करता येते आणि बाजूच्या पट्टीत टीप लिहिता येते. तिच्या एपीआयला, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमने माहिती मागायच्या सोयीला, विचारलं की सगळ्या खुणा जेसन या संगणकाला वाचता येणाऱ्या मांडणीत मिळतात, एका वेळी जास्तीत जास्त दोनशे. भाच्याने मला एक लहानशी पायथन स्क्रिप्ट लिहून दिली. ती नव्या खुणा आणते, दर लेखाची एक फाइल करते, त्यात शीर्षक, दुवा, तारीख आणि टॅग भरते. मग ह्यूगो त्या फाइलींची साइट बांधतं आणि ती गिटहब पेजेस या मोफत होस्टिंगवर चढते. डोमेनचे वर्षाचे पैसे सोडले तर खर्च शून्य.

आता मुख्य गोष्ट. माझ्या स्क्रिप्टमध्ये एक अट आहे: टीप रिकामी असेल तर ती खूण साइटवर येतच नाही. नुसता पिवळा रंग चालत नाही, खाली माझं एक तरी वाक्य हवं. भाच्याला ही अट जाचक वाटली होती. माझ्या मते सगळा फायदा त्या अटीतच आहे.

एक उदाहरण देते. कात्रजच्या तलावांतून शहरात पाणी आणणारा दगडी नळ नानासाहेब पेशव्यांच्या काळातला, इथपर्यंत सगळे लेख एकमताने सांगतात. पण एका लेखात वर्ष १७४९ दिलंय, दुसऱ्यात १७५०. दोन्ही वाक्यांवर नुसता रंग ओढला असता तर दोन्ही मला खरीच वाटली असती, कारण वाचताना प्रत्येक वाक्य पटतच असतं. टीप लिहायची म्हटल्यावर पहिल्याखाली लिहिलं गेलं, ‘हे काम सुरू झाल्याचं वर्ष की पाणी शहरात पोचल्याचं? लेखात स्पष्ट नाही.’ दुसऱ्याखाली लिहिलं, ‘आधार दिलेला नाही. कात्रज-वर्ष या टॅगखाली बघणे.’ आता तो टॅग उघडला की या विषयावरचं प्रत्येक विधान एकाखाली एक दिसतं, कोणी आधार दिला आणि कोणी नाही यासकट. एवढी स्वच्छ यादी मला कुठल्याही एका लेखाने दिली नव्हती.

साइट उघडी असल्याचा लाभही झाला. आमच्या वाड्यातले एक काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. त्यांचं हायपोथिसिसवर खातं नाही आणि त्यांना ते नकोही आहे. मी दुवा पाठवते, ते वाचतात आणि जिन्यात भेटले की बोलतात. एका टिपेत मी ‘पाइपलाइन’ लिहिलं होतं. काका म्हणाले, “अगं, पाइपलाइन कसली? दगड-चुन्याचा नळ आहे तो, माणूस आत उतरून चालेल एवढा. आणि ते उच्छ्वास का ठेवलेत ते लिही ना.” मी म्हटलं, “काका, तुम्हीच सांगा, तुमच्या नावाने घालते.” “नाव नको, पण लिही.” मग त्यांनी सांगितलेलं मूळ खुणेखाली वेगळ्या परिच्छेदात गेलं: नळावर ठरावीक अंतरावर बांधलेल्या या मनोऱ्यांतून हवा खेळते आणि साफसफाईसाठी आत उतरता येतं. बंद अ‍ॅपमध्ये ठेवलेली खूण काकांपर्यंत गेलीच नसती.

मराठीच्या अडचणींकडे येते. सगळ्यात चिवट निघाला तो ‘खोऱ्यात’ हा शब्द. मुठेच्या खोऱ्याबद्दल माझ्याकडे भरपूर नोंदी आहेत, पण साइटवर शोधलं की निम्म्याच येत. डोळ्यांना दोन्हीकडचा शब्द हुबेहूब सारखा. आत मात्र काही साइट ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. युनिकोड या अक्षरांच्या मानकातल्या नेहमीच्या नॉर्मलायझेशनने, म्हणजे सारखी अक्षरं एकरूप करण्याच्या प्रक्रियेने, ते एक होत नाहीत, त्यासाठी स्क्रिप्टमध्ये वेगळी ओळ घालावी लागते. दऱ्या, पायऱ्या, किनाऱ्यावर, सगळ्यांची हीच कथा. मात्र हा बदल फक्त शोधाच्या सूचीत करावा, मूळ उद्धृतात नाही. हायपोथिसिस पानावरची जागा ओळखायला नेमका मजकूर आणि त्याच्या मागचे-पुढचे शब्द जपून ठेवतं. उद्धृत जसंच्या तसं राहिलं तरच ते मूळ पानाशी ताडून बघता येतं.

दुसरी अडचण विभक्तीची. ‘विहीर’ शोधलं की ‘विहिरी’ आणि ‘विहिरीला’ मिळत नाहीत, कारण दीर्घ ‘ही’ची ऱ्हस्व ‘हि’ झालेली असते. ‘पाणी’ टाकून ‘पाण्याचा’ येत नाही. ‘हौद’ मात्र ‘हौदात’मध्ये सापडतो, त्यामुळे शोध चालतोय असं उगाच वाटत राहतं. यावर माझ्याकडे एकच उपाय आहे: प्रत्येक खुणेला मूळ रूपातला टॅग हाताने देणे.

जुन्या मराठी साइटवर कधीकधी युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर असतो. दिसायला मराठी, पण खूण केली की रोमन अक्षरांचा चिवडा हाती लागतो. स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या ओसीआरमध्ये, म्हणजे चित्रावरून संगणकाने ओळखलेल्या मजकुरात, जोडाक्षरं मोडलेली असतात. दोन्ही ठिकाणी मी उद्धृत स्वतः टाइप करते आणि पान क्रमांक लिहिते. याला पळवाट नाही.

दिसण्याबद्दल थोडं. पिवळ्या पट्ट्यात वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला गेला की वाचवत नाही. ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.८ पट केल्यावर ते सुटलं. पानाची भाषा कोडमध्ये मराठी अशी नोंदवायला विसरू नका, नाहीतर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येऊ शकतात. मी टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट लावलाय, मोठ्या परिच्छेदांना तो फार सुंदर दिसतो. पानांचे पत्ते मात्र रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह पत्त्यात नऊ अक्षरांचं होतं, म्हणजे ‘कात्रज’ एवढ्या शब्दालाच ५४ अक्षरं. व्हॉट्सअ‍ॅपवर असा दुवा बघून कोणी उघडेल असं वाटत नाही.

मूळ पान बदललं किंवा गेलं तर खूण अनाथ होते. एका वर्तमानपत्राने साइट नव्याने बांधली आणि पानशेतच्या लेखांचे जुने दुवे मेले. उद्धृत माझ्या फाइलीत होतं, आजूबाजूचा लेख मात्र नव्हता. तेव्हापासून खूण करायच्या आधी ते पान वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहात जतन करते आणि तोही दुवा नोंदीत ठेवते. अर्धा मिनिट लागतो. ज्याला यातलं काहीच करायचं नाही, त्याने निदान एवढं तरी करावं, असं मला मनापासून वाटतं.

उघडं ठेवण्याबाबत दोन गोष्टी. हायपोथिसिसवर ‘पब्लिक’ केलेली टीप सीसी-झिरो परवान्याखाली, म्हणजे सगळ्यांना मुक्त वापरासाठी जाते. हे मान्य नसेल तर बटणाशेजारचा पर्याय ‘ओन्ली मी’ करा. मी तसंच करते, कारण टीप कच्ची असते. खाजगी टिपा आणायला एपीआयला टोकन, म्हणजे आपल्या खात्याची गुप्त किल्ली, द्यावं लागतं, एवढाच फरक. दुसरं, दुसऱ्याच्या लेखाचे परिच्छेदच्या परिच्छेद उचलू नयेत. समीक्षेसाठी रास्त वापराला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये जागा आहे, पण मी दोन-तीन वाक्यांवर थांबते आणि दुवा ठळक देते. लेखकाला वाचक मिळाला पाहिजे.

फोनवर ही व्यवस्था तोकडी आहे. अँड्रॉइडच्या क्रोमवर एक्स्टेन्शन चालत नाहीत. बसमध्ये वाचलेलं वाक्य मी नोट्समध्ये चिकटवते आणि रविवारी लॅपटॉपवर बसून खूण करते. वर्तमानपत्रांच्या अ‍ॅपमधला मजकूर तर बाहेर येतच नाही.

कोणी घ्यावं? प्रबंध लिहिणाऱ्यांनी झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर बघावं. त्याच्या सातव्या आवृत्तीपासून पीडीएफबरोबर ईपब आणि वेबपानांच्या जतन प्रतींवरही खुणा करता येतात, शिवाय संदर्भसूची आयती मिळते. फक्त स्वतःपुरतं ठेवायचं असेल तर ऑब्सिडियन हे टिपा ठेवायचं अ‍ॅप पुरेल. पण एखाद्या विषयाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा चालू असेल, आणि आपण काय वाचलं व त्यावर काय म्हटलं हे इतरांनी तपासावं असं वाटत असेल, तर साइटच करा. सुरुवातीला स्क्रिप्टसाठी कोणाची तरी मदत लागेल. माझी स्क्रिप्ट, ‘ऱ’च्या दुरुस्तीसकट, मागणाऱ्याला आनंदाने देईन. टोकन तेवढं आपापलं घाला आणि ते चुकूनही गिटहबवर चढवू नका.