नाश्त्याला क्रुआसाँ घेऊया का? फ्रेंचमध्ये हे विचारायला आधी कोणतं वाक्य शिकावं

फ्रान्समध्ये कुणाच्या घरी चार दिवस राहायचं असेल, तर सकाळी एक वाक्य लागतंच: “आज नाश्त्याला अमुक घेऊया का?” त्यासाठी क्लासमध्ये चार-पाच रचना एकदम शिकवतात. सगळ्या बरोबर असतात, पण प्रत्येकीची जागा वेगळी. सगळ्या एका दमात पाठ केल्या की ऐन टेबलावर एकही आठवत नाही. म्हणून क्रम ठरवून शिकलेलं बरं. (खालचे उच्चार देवनागरीत बसतील तेवढेच, कानाने ऐकून पक्के करा.)

माझं पहिलं मत “ओं प्राँ दे तार्तीन?” या वाक्याला, म्हणजे “तार्तीन (लोणी-जॅम लावलेला पाव) घेऊया का?” ‘ओं’ म्हणजे आपलं ‘आपण’. आपण ‘आपण’ दोन तऱ्हांनी वापरतो: “आपण निघूया” आणि “आपण असं म्हणत नाही”. ‘ओं’ही नेमकं तसंच चालतं. ‘प्राँ’ हे ‘घेणे’चं रूप. आपण “चहा घेणार?” विचारतो तसंच फ्रेंच माणूसही खाण्यापिण्याला ‘घेणे’च म्हणतो. वाक्याचा क्रम बदलायचा नाही, शेवटी आवाज वर न्यायचा, झाला प्रश्न.

“सा त दी, अँ क्रुआसाँ?” हे त्याच्या अगदी शेजारचं. शब्दशः “हे तुला काही सांगतं का?”, अर्थ “चालेल का?” क्रियापद न लावता पदार्थाचं नाव जोडता येतं, हा मोठा आराम. मित्राच्या आईला विचारताना ‘त’च्या जागी ‘वू’ आलं पाहिजे: “सा वू दी?” तू आणि तुम्ही यातला फरक आपल्याला नवा नाही, पण घाईत तोंडून ‘त’ निसटतो आणि समोरच्या वडीलधाऱ्या माणसाला ते खटकू शकतं. आठवड्याभराचाच मुक्काम असेल तर ही दोन वाक्यं पुरतात.

वर्षभर राहणाऱ्याने मात्र “ए सी ओं प्रने दे क्रुआसाँ?” शिकावंच. यात ‘सी’ म्हणजे ‘जर’ आणि त्यापुढे भूतकाळाचं रूप येतं. बोलायचं असतं पुढचं आणि रूप मागचं, म्हणून विद्यार्थी गडबडतात. पण आपण तरी काय म्हणतो? “आज क्रुआसाँ घेतले तर?” इथे ‘घेतले’ भूतकाळीच आहे! इंग्रजीतून भाषांतर करत बसू नका, मराठीतून सरळ उतरा. सुचवण्याची सगळ्यात मऊ तऱ्हा हीच, समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवणारी.

“त्यू वऽ द्यू पँ?” म्हणजे “पाव हवा का?” हे सुचवणं नव्हे, देऊ करणं आहे. पाव तुमच्या हातात असेल तेव्हा ते शोभतं.

खरी मेहनत पदार्थाआधीच्या छोट्या शब्दावर आहे. पाव ‘द्यू पँ’, लोणी ‘द्यू बर’, जॅम ‘द ला कोंफित्यूर’, तार्तीन ‘दे तार्तीन’. नुसतं ‘पँ’ पाठ करू नका, जोडीनेच पाठ करा. नकार आला की सगळ्यांचं ‘द’ होतं: “पा द बर.” अंडं तर वेगळीच गंमत: एक अंडं ‘अँ-नफ’, पण अनेक झाली की शेवटचा फ बोलतच नाहीत, ‘दे-झऽ’.

अंडी सुचवण्याआधी देशही पाहा. फ्रान्समधला घरगुती नाश्ता बहुधा गोड असतो. ‘बागेत’ हा लांब फ्रेंच पाव; ती उभी चिरतात, त्यावर लोणी आणि जॅम लावतात, हँडल नसलेल्या मोठ्या वाडग्यातल्या दूध-कॉफीत ती बुडवतात, आणि कॉफीवर लोण्याचे बारीक थेंब तरंगतात. हीच ती तार्तीन. ऑम्लेट तिथे दुपारी किंवा रात्री. कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेक प्रांतात मात्र सकाळची अंडी नेहमीची. शिवाय तिथे, आणि बेल्जियम-स्वित्झर्लंडमध्येही, नाश्त्याला ‘देजने’ म्हणतात. फ्रान्समध्ये ‘देजने’ म्हणजे दुपारचं जेवण आणि नाश्ता ‘पती देजने’. क्वेबेकमधल्या माँट्रियलला जाणाऱ्याने हा फरक आधी लक्षात ठेवावा, नाहीतर बोलावलेल्या वेळेचा घोळ होतो.

उत्तर ऐकतानाही सावध राहा. काही देऊ केल्यावर नुसतं “मेर्सी” आलं, तर बरेचदा त्याचा अर्थ “नको” असतो. हवं असेल तर “ज वऽ ब्यँ” किंवा “वोलोंत्ये” म्हणतात. तुम्हीही तेच म्हणा, नाहीतर भूक असूनही ताटली पुढे सरकेल.

आणि नैऋत्य फ्रान्समधल्या तूलूझ किंवा बोर्दोच्या बाजूला जाणार असाल, तर पॅरिसमध्ये शिकलेलं ‘पँ-ओ-शोकोला’ (आत चॉकलेट भरलेला, क्रुआसाँसारखा पदार्थ) तेवढं बदला. तिकडच्या बेकरीत तोच पदार्थ ‘शोकोलातीन’ या नावाने मागायचा: “सा त दी, उन शोकोलातीन?”