रेपर्टोरिओ एस्पान्योल: आठ महिने, अकरा प्रयोग, पाच नाटकं

सप्टेंबर ते एप्रिल या आठ महिन्यांत मी न्यू यॉर्कच्या रेपर्टोरिओ एस्पान्योल या स्पॅनिश नाट्यसंस्थेत अकरा प्रयोग पाहिले. नाटकं मात्र पाचच. चार दोन-दोनदा पाहिली आणि एक तीनदा. पहिल्याच प्रयोगानंतर लिहायला बसले असते तर चार ओळींत आटोपलं असतं: लहानसं नाट्यगृह, जीव ओतून काम करणारे नट, समोर इंग्रजी भाषांतराची सोय, जरूर जा. आता लिहावंसं वाटतं ते दुसऱ्यांदा पाहिलेल्या प्रयोगांबद्दल.

आधी जागेविषयी. मॅनहॅटनमध्ये पूर्वेकडच्या 27व्या रस्त्यावर, लेक्सिंग्टन आणि थर्ड अव्हेन्यूच्या मध्ये, संस्थेचं ग्रामर्सी आर्ट्स थिएटर आहे. साधारण 140 खुर्च्या. मी जर्सी सिटीहून पाथ गाडीने 33व्या रस्त्याला उतरते आणि पंधरा-वीस मिनिटं चालते. 6 नंबरच्या सबवेने आलात तर 28व्या रस्त्याचं स्टेशन अगदी जवळ पडतं. आपल्या लोकांना हा भाग चांगला ठाऊक असतो, कारण लेक्सिंग्टनच्या याच पट्ट्यात कालुस्त्यान हे मसाल्यांचं मोठं दुकान आहे, डोशाची हॉटेलं आहेत, डाळी-मसाल्यांची इतर दुकानं आहेत. मी स्वतः कित्येक वर्षं इथे गोडा मसाल्यासाठी दगडफूल आणि नागकेशर शोधत फिरले. कोपऱ्यावरून वळून पन्नास पावलांवर स्पॅनिश नाटक चालतं, हे कळलं ते स्पॅनिशचा वर्ग लावल्यावर. शिक्षिकेने सांगितलं की क्रियापदांचे तक्ते पुरे झाले, आता माणसं बोलताना ऐका.

ही संस्था 1968 साली हिल्बेर्तो साल्दिवार आणि रेने बुच या दोन क्यूबन माणसांनी सुरू केली. साल्दिवार व्यवस्था बघत आणि बुच दिग्दर्शन करत. दोघेही आता हयात नाहीत. नावातला ‘रेपर्टोरिओ’ (आलटून-पालटून करायच्या नाटकांचा साठा) हा शब्द इथे शब्दशः खरा आहे. ब्रॉडवेवर एकच नाटक आठवड्याचे आठ प्रयोग करत महिनोन्‌महिने चालतं आणि एकदा उतरलं की संपतं. इथे त्याच रंगमंचावर आज एक, परवा दुसरं, पुढच्या आठवड्यात तिसरं. नटांचा संच बराचसा तोच असतो आणि नाटकं वर्षानुवर्षं परत येत राहतात. म्हणून तिकीट काढण्याआधी वेळापत्रक नीट बघा. शनिवारी आहे म्हणून रविवारी तेच असेल असं धरून चालू नका.

भाषेची सोय अशी आहे. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर एक छोटा पडदा असतो आणि त्यावर इंग्रजी भाषांतर सरकत जातं. स्पॅनिशचा गंध नसलेल्या माणसालाही नाटक समजतं आणि ही फार मोठी गोष्ट आहे. पण पडदा डोळे ओढून घेतो. पहिल्या प्रयोगाला मी संवाद वाचले आणि नाटक सुटलं. नटीने वाक्य कुणाकडे बघून टाकलं, ते ऐकून मागे बसलेलीचा हात विणकामावर कसा थांबला, हे दिसलंच नाही. तेव्हापासून माझी रीत ठरली आहे. नाटक आधी वाचून जायचं. पहिल्यांदा पडद्याची मदत घ्यायची. दुसऱ्यांदा त्याकडे बघायचं नाही.

मी तीनदा पाहिलं ते स्पॅनिश कवी-नाटककार लोर्काचं ‘ला कासा दे बेर्नार्दा आल्बा’ (बेर्नार्दा आल्बाचं घर). लोर्काने ते 1936च्या जूनमध्ये पुरं केलं आणि ऑगस्टमध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या. नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आलं 1945 साली, स्पेनमध्ये नव्हे तर ब्वेनोस आयरेसला. नवरा वारल्यावर बेर्नार्दा आपल्या पाच मुलींवर आठ वर्षांचं सुतक लादते. दारं बंद, खिडक्या बंद. रंगमंचावर एकही पुरुष येत नाही. ज्याच्यापायी बहिणी एकमेकींच्या वैरिणी होतात तो पेपेसुद्धा शेवटपर्यंत दिसत नाही. गोविंद निहलानींचा ‘रुक्मावती की हवेली’ हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना ही गोष्ट माहीत आहे. उत्तरा बावकरांची ती करारी विधवा मला लहानपणापासून आठवते, पण मूळ नाटक लोर्काचं आहे हे इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

पहिल्या खेपेला मी धाकटी आदेला आणि तिची आई यांच्याकडेच बघत होते. दुसऱ्या खेपेला माझी नजर मोलकरीण पोन्सियावर अडकली. ती बेर्नार्दाला सावध करते, मग गप्प बसते, मग पुन्हा सावध करते. तिची ती गप्प बसण्याची वेळ दरवेळी थोडी लांबत जाते. हे एका प्रयोगात कळणं अवघड आहे. बेर्नार्दा रंगमंचावर येऊन पहिला शब्द उच्चारते तो ‘सिलेन्सिओ’, आणि नाटक संपतं तेही तिच्या त्याच शब्दावर. सप्टेंबरमध्ये तो शेवटचा शब्द मला हुकूम वाटला होता. जानेवारीत, त्याच नटीच्या तोंडी, त्यात भीती ऐकू आली. तिने काही बदललं होतं की माझा कान तयार झाला होता, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. पण असा प्रश्न पडायलाही तेच नाटक काही महिन्यांनी पुन्हा समोर यावं लागतं, आणि इथे ते येतं.

लोर्का 1929-30मध्ये याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात येऊन राहिला होता. शहराने तो हादरला आणि इथल्या कविता लिहून गेला. त्याचं नाटक इथे त्याच्याच भाषेत उभं राहतं याचं मला दरवेळी समाधान वाटतं.

दुसरं आवर्जून सांगायचं नाटक म्हणजे कार्मेन रिवेराचं ‘ला ग्रिंगा’. 1996पासून ते इथे चालू आहे आणि त्याच वर्षी त्याला ओबी हा ब्रॉडवेबाहेरच्या नाटकांसाठीचा पुरस्कार मिळाला. न्यू यॉर्कमध्ये वाढलेली मारिया स्वतःला अभिमानाने प्वेर्तो रिकोची समजते. नाताळात ती पहिल्यांदा बेटावर जाते आणि तिथले नातेवाईक तिला ‘ग्रिंगा’ म्हणतात, म्हणजे अमेरिकन, परकी. तिला जवळ करतो तो आजारी तिओ मानोलो. (काका म्हणा, मामा म्हणा, स्पॅनिशमध्ये दोघेही तिओच. मराठी माणसाला याची सवय व्हायला वेळ लागतो.) प्वेर्तो रिकोच्या लोकांना 1917पासून अमेरिकेचं नागरिकत्व आहे, तरी दोन्हीकडे परकं ठरण्याचं हे दुःख सुटलेलं नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये वाढलेल्या आणि सुट्टीत कोल्हापूरला गेल्यावर ‘अमेरिकेची’ ठरणाऱ्या माझ्या भाचीला मी घेऊन गेले होते. नाटकभर ती हसली आणि परतीच्या गाडीत बराच वेळ बोलली नाही.

उच्चारांबद्दल शिकणाऱ्यांनी मनाची तयारी ठेवावी. वर्गात शिकलेली स्पॅनिश इथे जशीच्या तशी मिळत नाही. कॅरिबियन बोलीत शब्दाच्या शेवटचा ‘स’ विरून जातो आणि प्वेर्तो रिकोच्या तोंडी ‘र’चा बऱ्याचदा ‘ल’ होतो. पुस्तकी मराठी शिकलेल्या माणसाला थेट मालवणी नाटकाला नेऊन बसवावं तसं मला पहिल्यांदा झालं. तीन-चार प्रयोगांनंतर मात्र तोच ‘ल’ ऐकला की घरातलं कुणी बोलतंय असं वाटू लागलं. भाषेची जुजबी ओळख असेल तर कोलंबियन लेखक गार्सिया मार्केसच्या कर्नलच्या गोष्टीवरून केलेल्या नाटकापासून सुरुवात करा. पेन्शनच्या पत्राची पंधरा वर्षं वाट पाहणारा म्हातारा, त्याची दम्याने थकलेली बायको आणि एक झुंजीचा कोंबडा. वाक्यं छोटी आहेत आणि दोघांमधली शांतता खूप आहे, त्यामुळे ऐकलेल्याचा मनात अर्थ लावायला सवड मिळते.

आठवड्याच्या मधल्या दिवसांत सकाळी शाळांसाठी प्रयोग असतात. एकदा मी अशा वेळी आत होते. आजूबाजूला सगळी पंधरा-सोळा वर्षांची मुलं, सुरुवातीला खूप चुळबुळ, आणि मग एका विनोदाला अर्धी मुलं पडद्यावर इंग्रजी उमटायच्या आधी हसली. घरी ऐकलेली भाषा रंगमंचावर ऐकून आलेलं हसू होतं ते. मला हेवा वाटला. आपल्याकडे महाराष्ट्र मंडळं दौऱ्यावरची नाटकं आणतात, एखाद्या शाळेच्या सभागृहात एक प्रयोग होतो, नट पुढच्या गावाला जातात. मंडळांच्या कार्यकर्त्यांचे कष्ट मी जवळून पाहिले आहेत. तरीही या देशात कुठेतरी एक पत्ता असावा जिथे तेच मराठी नाटक पुढच्या महिन्यात पुन्हा पाहता येईल, ही इच्छा इथे बसल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

तिसऱ्यांदा बेर्नार्दा पाहिलं ते एप्रिलमध्ये, आईबरोबर. आई सांगलीची. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली जिथे ‘सीता स्वयंवर’ केलं त्या गावात वाढलेली, आणि नाटक म्हटलं की वेळेआधी अर्धा तास पोहोचणारी. तिला स्पॅनिश येत नाही, इंग्रजीही वाचत नाही. गोष्ट आधी सांगू का विचारलं तर म्हणाली, “नको गं, बघू दे मला.” मी पडद्याकडे बघत नव्हते आणि तीही नाही. बेर्नार्दाची काठी जमिनीवर आपटली तेव्हा तिने माझा हात धरला. आदेलाने ती काठी हिसकावून मोडली तेव्हा सोडला.

बाहेर आल्यावर आम्ही लेक्सिंग्टनवर चहा घेतला. तिने विचारलं, “ती काळ्या पातळातली मोलकरीण होती ना, तिला सगळं आधीच माहीत होतं ना?” मी म्हटलं, हो. पोन्सियाकडे माझं लक्ष जायला दोन प्रयोग लागले होते. मग ती म्हणाली की परत जायच्या आत अजून एकदा बघू. ती मेच्या मध्याला निघते आहे. त्याआधीच्या रविवारची दोन तिकिटं मी काढली आहेत, तिसऱ्या रांगेतली.