गॅलरीच्या ग्रिलला लावायचे दोन वाट्यांचे स्टँड : कावळ्यांसाठी कितपत उपयोगी?

बाजारात पक्ष्यांसाठी मिळणारी बहुतेक साधने चिमणीच्या मापाने केलेली असतात. वर छप्पर, खाली दाणे गळणारी नळी आणि बसायला बोटाएवढी काडी अशी त्यांची रचना असल्यामुळे कावळ्यासारख्या मोठ्या पक्ष्याला तिथे पाय टेकायलाही जागा मिळत नाही. ठाण्यात आमच्या गॅलरीच्या ग्रिलला लावलेले हे लोखंडी स्टँड त्या मानाने वेगळे आहे. एका जाड दांडीवर स्टीलच्या दोन उथळ वाट्या, पुढे बसण्यासाठी रुंद पट्टी आणि वर काहीही नाही, एवढाच त्याचा थाट आहे. किंमत सहाशे रुपयांच्या आसपास असून तेवढ्यात ते नक्कीच घेण्यासारखे आहे.

वर छप्पर नसणे हाच या स्टँडचा सर्वांत मोठा गुण आहे, कारण कावळा अन्न शोधतो ते मुख्यतः नजरेने. तो उंच फांदीवर किंवा टाकीच्या कठड्यावर बसून खालची हालचाल न्याहाळतो, कोणत्या खिडकीतून कोणत्या वेळी हात बाहेर येतो हे लक्षात ठेवतो आणि दुसरा कावळा कुठे उतरला यावरही नजर ठेवून असतो. एकाने घास उचलला की बाकीचे गोळा होतात, ते याचमुळे. उघडी वाटी दुरून दिसते आणि चारही बाजूंनी उडून जायला वाट असल्यामुळे सावध कावळाही तिच्यावर उतरतो. स्टँडसोबत बाजरी आणि राळ्याचे एक पाकीट मिळते व त्याच्या वासाने पक्षी येतात असे त्यावर छापलेले आहे. कावळ्याच्या बाबतीत या दाव्यात फारसा अर्थ नाही, आणि त्या दाण्यांवर कबुतरांची झुंबड उडते ती वेगळीच.

कावळा जवळजवळ सर्वभक्षी आहे. किडे, अळ्या, पंख फुटलेली वाळवी, बेडूक, उंदीर, इतर पक्ष्यांची अंडी व पिल्ले, मेलेली जनावरे, वड-पिंपळाची फळे, लिंबोळ्या, कोळीवाड्यातील मासळीचे टाकाऊ भाग, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलातले खेकडे, असे सारे त्याला चालते आणि सावर फुलली की तिच्या फुलांतला मधही तो पितो. आमच्या वाटीत उकडलेले अंडे आणि मासळीचे तुकडे सर्वांत आधी संपतात, पपई त्यानंतर, आणि शिळी पोळी सर्वांत शेवटी. फरसाण, लोणचे, तळलेले पदार्थ मात्र ठेवू नयेत, कारण इतके मीठ आणि तेल पक्ष्यांना सोसत नाही.

पाण्याची वाटी शेजारीच असल्याचा लाभ पोळीच्या वेळी कळतो. कडक तुकडा चोचीत धरून कावळा तो पाण्यात बुडवतो, मऊ झाला की पायाखाली दाबून फाडतो आणि उरलेला तुकडा पुष्कळदा शेजारच्या कुंडीतील मातीत खुपसून वर पान ओढतो. हे सारे इतक्या जवळून पाहायला मिळणे हा मोठा आनंद आहे. वीण साधारण एप्रिलपासून सुरू होते. त्या काळात पिल्लांसाठी नेलेले घास त्याच्या गळ्याच्या फुगीरपणावरून ओळखू येतात. तेव्हा पोळीऐवजी अंडे ठेवणे अधिक योग्य, कारण वाढत्या पिल्लांना प्रथिने लागतात.

स्टँडचा खरा दोष वाट्यांमध्ये आहे. त्या दांडीला कायमच्या जोडलेल्या आहेत. कावळ्याने भिजवलेल्या पोळीने पाणी काही तासांतच गढूळ होते आणि उन्हाळ्यात त्याला वास येऊ लागतो. वाटी सुटी होत नसल्यामुळे ते पाणी मग फडक्याने टिपून काढावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर येथे मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लूचे निदान झाले होते. अनेक पक्षी एकाच वाटीत चोच घालतात तिथे स्वच्छतेकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. विक्रेत्याकडे सुट्या वाट्यांची चौकशी केली असता तशी सोय नसल्याचे सांगण्यात आले. म्हणून घेणाऱ्याने मूळ वाट्यांत बसतील अशा मापाच्या स्टीलच्या दोन खोलगट ताटल्या वेगळ्या आणाव्यात, त्या रोज घासाव्यात, आणि हात धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात जाऊ नये.