अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो

सांगलीच्या मार्केट यार्डात सतरा वर्षं हळदीची दलाली करतोय. हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय मी भाव बोलत नाही. आणि मीच डेटिंग अ‍ॅपवरच्या एका बाईच्या नादानं 5,56,400 रुपये घालवले. नाव लिहीत नाही, यार्डात तोंड दाखवायचंय.

प्रकार तुम्हाला माहीत आहेच. ओळख, रोज "जेवलात का?", मग ट्रेडिंगवाले काका. ते सोडा. मला सांगलीजवळचं हरिपूर छळतंय. ती म्हणाली, आजोळ हरिपूर, संगमावर खेळून मोठी झाले. मी सहज विचारलं, तिथं कुठल्या नद्या मिळतात? उत्तर आलं, "कृष्णा-कोयना." अहो, तो कराडचा प्रीतिसंगम! हरिपूरला कृष्णेला वारणा मिळते, शेंबडं पोरगंही सांगेल. तिथंच तिला ब्लॉक करायचं. तर मीच लिहिलं, "लहान होतात, विसरला असाल." सबबसुद्धा मीच पुरवली!

भाचा मानसशास्त्र शिकतो. म्हणाला, मामा, माणूस आधी ठरवतो आणि मग त्याला जुळेल तेवढंच बघतो. शिवाय चेहरा देखणा म्हणजे माणूसही सरळ, असं धरून चालतो. एका गुणावरून बाकीचे गुण ठरवायची ही खोड थॉर्नडाइक नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1920 मध्येच दाखवली होती म्हणे. असेल. पण घटस्फोटानंतर सहा वर्षं रोज रात्री अंधाऱ्या घराचं कुलूप मी उघडतोय, थॉर्नडाइक नाही.

त्या काकांच्या ट्रेडिंग अ‍ॅपवर आधी 20,000 भरले. 2,150 नफा खरोखर खात्यात आला आणि गडी पिवळा झाला. मग 1,50,000, मग 3,00,000. अ‍ॅपवर 11 लाख दिसत होते. काढायला गेलो तर म्हणे आधी 86,400 कर भरा. संशय आला होता, खोटं कशाला बोलू? तरी भरले, कारण आधीचे 4,70,000 सोडवत नव्हते. स्वतःचेच पैसे काढायला कुणी आधी पैसे मागितले की एक रुपयाही देऊ नका. कर कापायचाच असेल तर त्या 11 लाखांतून कापा म्हणावं. मला तेव्हा सुचलं नाही.

लाजेपोटी तीन दिवस गप्प बसलो. तुम्ही बसू नका, त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन लावा. मी लावला तेव्हा पैसे पाच खात्यांतून पुढे गेले होते. बँकेत साहेब म्हणाले, ओटीपी तुम्हीच टाकलाय. पोलीस ठाण्यात म्हणाले, हद्द आमची नाही. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात गुन्हा कुठंही घडलेला असो, नोंदवून घ्यावाच लागतो, हे मी सांगितल्यावर, "मग वकीलच व्हायचं होतं की." एकानं बाईचा फोटो मागून घेतला, शेजारच्याला दाखवला, दोघं हसले. चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेला सगळ्या चॅटच्या प्रिंट मागितल्या. 212 पानं, दोन रुपयांप्रमाणे 424. झेरॉक्सवाला पोरगा पानं लावता लावता वाचत होता. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.