शिलाईच्या खोलीतला पेगबोर्ड : नऊ महिने वापरून

पोळ्याला आठ दिवस होते. रात्री दोनच्या सुमाराला खोलीत असा धडाका झाला की ओसरीतून सासूबाई ओरडल्या, "मांजर घुसली का वं?" मांजर नव्हती, पेगबोर्ड, म्हणजे हूक लावून सामान टांगायची भोकांची फळी, खाली आला होता. चार कात्र्या, रिळांच्या टोपल्या, लेसची बंडलं, तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांसाठी कापून ठेवलेल्या एकवीस झुली, सगळं फरशीवर. मोठी कात्री नेमकी टोकावर पडली आणि टोक गेलं. ती माझी लग्नाआधीची कात्री. म्हणून हे लिहिते आहे, नाहीतर मी कशाला लिहिते.

बोर्ड नेहमीचाच. चार बाय दोन फूट, एमडीएफचा, इंच-इंच अंतरावर भोकं, सोबत चाळीस हूक आणि दोन टोपल्या. अमरावतीला शिकणाऱ्या पोरीनं फोनवर दाखवला. 2,349 रुपये. मी हिशेब ब्लाउजमध्ये करते. अस्तराच्या ब्लाउजचे मला 150 मिळतात, म्हणजे सोळा ब्लाउज. कुरिअरवाला म्हणाला, गावात येत नाही, दारव्ह्याला येऊन घेऊन जा. गेले. येताना एसटीत माझं तिकीट अर्धं, पण कंडक्टर त्या खोक्याचं वेगळं मागत होता. अर्धा ब्लाउज तिथंच गेला असता, भांडून वाचवला.

खोली मुळात कापसाची. दहा बाय बारा, वर टिना. मार्चमध्ये खोलीतून कापूस निघाला तशी मी झाडून-पुसून मशीन आत नेली. मशीन खिडकीशी अशी ठेवली की उजेड डाव्या हाताकडून येतो, सुईवर हाताची सावली पडत नाही. जुन्या दिवाणाच्या पायांखाली विटा घालून उंची 36 इंच केली, ते कापायचं टेबल झालं. शिवायला 30 इंच बरोबर, पण कापायला तेवढीच उंची ठेवली की कंबर जाते, हे मी पंधरा वर्षं जमिनीवर बसून कापल्यावर सांगते आहे. सगळ्या खोलीत सर्वांत चांगलं काम त्या विटांनी केलं आणि त्यांना एक रुपया लागला नाही.

आता हूक. बोर्ड भिंतीला चिकटवून ठोकता येत नाही. हुकाचं मागचं टोक जायला जागा लागते, म्हणून सुतारानं मागे लाकडी गुटके लावले. इथपर्यंत ठीक. पण कात्री काढली की हूक कात्रीसोबत बाहेर येतो. प्रत्येक वेळी. मापाची टेप काढली, हूक आला. इंचपट्टी काढली, हूक आला. एका हातात कापड, दुसऱ्या हातात कात्री, आणि हूक टणकन मशीनच्या पायडलखाली. मी एकदा मोजलं, एका पेटीकोटात सहा वेळा वाकले. व्हिडिओत त्या बाया कशा अलगद काढतात देव जाणे! त्यांच्या कात्र्या बहुतेक दाखवायच्याच असतात. काही हुकांवर इलेक्ट्रिकची टेप गुंडाळली, मेच्या उन्हात टिनांखाली तिचा चिकट चिखल झाला. शेवटी सुतळीनं बांधले. चाळीसपैकी सतरा उरलेत. एक कोंबड्यांच्या खुराड्यात सापडला, तो कसा गेला विचारू नका.

एवढं असूनही पहिले दोन महिने मी सगळ्यांना सांगत होते, घ्या म्हणून. जाऊबाईंनाही सांगितलं. रंगानुसार लावलेली रिळं समोर दिसतात, गिऱ्हाईक बाई दारातूनच बोट दाखवते, "हाच मोरपंखी." हे सुख खरं आहे. सासूबाई मात्र पहिल्या दिवसापासून त्याला भोकाची फळी म्हणतात. "एवढे पैसे भोकाले देल्ले का वं?"

पडल्यावर कंपनीला फोटो पाठवले. तीन दिवसांनी उत्तर, भिंत कमकुवत असेल. मी परत फोटो पाठवले. स्क्रू भिंतीत जसेच्या तसे घट्ट, फळीच त्यांच्या डोक्यावरून निघून आलेली, भोकाभोवती फुगून भुगा झालेला. मग उत्तर बदललं. ओलाव्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. कुठे लिहिलंय? तर पानाच्या तळाशी, वाळूएवढ्या अक्षरात. वरून पुढच्या खरेदीवर दहा टक्क्यांचं कूपन. कूपन घेऊन काय करू, दुसरी भोकाची फळी आणू?

यावर आमच्या घरच्यांचं म्हणणं ऐका. हमीभावाच्या खरेदीत 12 टक्क्यांवर ओल असली की कापूस घेत नाहीत, हे दर हिवाळ्याला त्यांच्या तोंडी असतं. फळी हातात घेऊन म्हणाले, "कापसाले बारा टक्के चालते, तुह्या फळीले किती चालते ते इचारलं होतं का?" मी तेव्हा बोलले नाही.

पण बोलायला हवं होतं, कारण ओल पावसाची नव्हती. हे मला पोळा झाल्यावर, डोकं थंड झाल्यावर सुचलं. खोलीच्या खिडकीत कूलर आहे. एप्रिल ते जून वाळ्याच्या ताट्या भिजवून दिवसभर चालतो, आणि त्याची सगळी ओली हवा बोर्डाच्या डाव्या कोपऱ्यावर. फळी फुगली ती डावीकडेच, उजवीकडची अजून कडक आहे. डाव्या टोपलीतल्या सुयांची पाकिटं मे महिन्यातच गंजली होती, तेव्हा मी सुयांच्या कंपनीला शिव्या घातल्या. म्हणजे निम्मी चूक माझी. एमडीएफ म्हणजे लाकडाचे गोंदानं चिकटवून दाबलेले बारीक तंतू. वरचा पापुद्रा पाणी अडवतो, पण प्रत्येक भोकाची कड उघडीच असते, आणि त्या फळीला भोकांशिवाय आहेच काय? लावण्याआधी भोकांच्या कडांना नि मागच्या बाजूला तेलरंगाचा हात मारला असता तर फरक पडला असता. कंपनीवरचा राग मात्र आहे तेवढाच आहे, वाळूएवढ्या अक्षरासाठी.

सुयांचा प्रश्न सासूबाईंच्या पत्र्याच्या पेटीनं सोडवला. पेटीत चिंधीची एक छोटी गादी आहे, आत विंचरलेल्या केसांचा गुंता भरलेला. केसांना तेल असतंच, सुया त्यात खोचल्या की गंजत नाहीत. मला आधी किळस आली. आता माझ्या 14 आणि 16 नंबरच्या सगळ्या सुया त्यातच आहेत, अख्ख्या पावसाळ्यात एकही लाल झाली नाही. रिळंही त्याच पेटीत गेली. रंग दिसत नाहीत, झाकण उचलावं लागतं. पण हूक पडत नाही.

दिवाळीनंतर कापूस घरात आला. 2025-26 च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये असला तरी घरचे अजून थांबलेत, त्यामुळे खोलीत कमरेपर्यंत कापूस आहे आणि मी मशीनसकट ओसरीत. उघड्यावर राहिलेल्या दोन रिळांवर तंतू बसून मशीनचं शटल (खालच्या दोऱ्याचा भाग) दोनदा अडकलं, अंगाला खाज सुटते ती वेगळी. दिवाणाच्या विटा ओसरीत आणल्या. बोर्डाचा उजवा अर्धा भाग कापून, तेलरंग लावून मशीनच्या मागे टांगलाय, त्यावर फक्त टेप आणि इंचपट्टी. कात्री टेबलावरच असते.

घ्यायचाच असेल तर पत्र्याचा बघा, आणि कूलरसमोरची भिंत सोडून लावा. डावा अर्धा भाग कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लागलाय. भोकांतून हवा छान खेळते.